बहुमत कोरडे आहे

गच्चीवरचा पाऊस सहकाराच्या तत्त्वावर वाटला जात नाही. सात मजली इमारत, तळाला पार्किंग, दर मजल्याला चार घरे, म्हणजे २८ सभासद. गच्ची गळू लागली की त्यातले चार भिजतात आणि बाकीचे २४ हळहळतात. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने प्रत्येक सभासदाला एक मत दिले आहे. ओल्याला दोन आणि कोरड्याला अर्धे, अशी सोय त्यात नाही. सोसायटी दुरुस्ती करत नाही म्हटले की आपण कमिटीच्या नावाने बोटे मोडतो. सेक्रेटरी आळशी, चेअरमन आढ्यताखोर, खजिनदाराचे कॉन्ट्रॅक्टरशी साटेलोटे. असेलही तसे. पण कमिट्या बदलतात आणि ओल तशीच राहते, याचा अर्थ दोष खुर्चीवरच्या माणसात नाही. गच्ची गळत राहते ती बहुमतामुळे, आणि बहुमत कोरडे आहे.

उपविधींचा दोष म्हणावा, तर तिथे सगळे चोख आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक नळांची आणि ड्रेनेजची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने थांबवायची. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याचे प्लास्टर पडले तर तेही सोसायटीनेच करून द्यायचे. सभासदाच्या वाट्याला येते ते त्याच्या स्वतःच्या संडास-बाथरूममधले आणि सिंकखालचे. मग वाद कशाचा? पाण्याच्या मूळ गावाचा. गच्चीवर साचलेले असेपर्यंत ते पाणी सामाईक असते. पंख्याच्या हुकावरून टपकू लागले की ते खाजगी होते. सेक्रेटरी वर येतात, मान मागे टाकून छताकडे बघतात आणि विचारतात, “बाथरूमचं नसेल कशावरून?” ज्या घराच्या वर आकाशाखेरीज कोणी राहत नाही, तिथेही हा प्रश्न विचारला जातो. याउलट लॉबीतले ग्रॅनाइट, गेटवरची पितळी अक्षरे, जिन्याचा रंग हे विषय टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात, कारण त्यांच्यासमोरून २८ च्या २८ जण पाहुण्यांसकट ये-जा करतात. वॉटरप्रूफिंग पाहुण्यांना दाखवता येत नाही.

यावर पहिले उत्तर येते पैशाचे: फंडच नाही हो. हे खरे आहे, पण ते का खरे आहे तेही पाहू. दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम घ्यावी असे आदर्श उपविधी सांगतात. यातला बांधकाम खर्च इमारत उभी राहिली तेव्हाचा, जमीन वगळून. ज्या फ्लॅटचे बांधकाम त्या काळी दोन लाखांत झाले, त्याचा दुरुस्ती निधी वर्षाला १५०० रुपये, महिन्याला १२५. तेवढ्यात कॉन्ट्रॅक्टरचा माणूस गच्चीचा जिनासुद्धा चढणार नाही. ‘किमान’ म्हणजे त्याहून जास्त घ्यायला जनरल बॉडी मोकळी आहे. पण वाढीचा ठराव आला की कोरडे बहुमत महागाईवर बोलू लागते, आणि कायद्याने घातलेली खालची मर्यादा आपल्याकडे वरची मर्यादा म्हणून श्रद्धेने पाळली जाते.

दुसरी अडचण कॅलेंडरची. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. तोवर पाऊस परतीच्या वाटेवर असतो आणि भिंती वाळू लागलेल्या. ‘तीन कोटेशने मागवावीत’ असा ठराव होतो. मग नवरात्र, दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा. कोटेशने मार्चमध्ये येतात, ती महाग वाटतात, चौथे मागवले जाते, मे महिन्यात मजूर गावी जातात, आणि जूनमध्ये गच्चीवर निळी ताडपत्री चढते.

कमिटीचे लोक बिनपगारी राबतात, त्यांना किती बोलायचे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मी त्यांना बोलत नाही. ‘आता रिडेव्हलपमेंटच होणार, कशाला खर्च?’ हा आक्षेप मात्र पाण्यासारखाच सगळीकडून येतो. २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासासाठी लागणारी संमती ५१ टक्क्यांवर आणली, त्यामुळे तो ऐकायला व्यवहार्य वाटतो. पण बिल्डर नेमणे, करारनामा, परवानग्या, जागा रिकामी करणे यांत कित्येक पावसाळे जातात आणि ते कोरड्या मजल्यांवर पडत नाहीत. चिडून मेंटेनन्स थांबवावा, तर थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावायची मुभा उपविधींतच आहे. शिवाय वसुलीसाठी उपनिबंधकाकडे अर्ज करताना त्याच कमिटीला कमालीचा उत्साह येतो, आणि थकबाकीदार म्हणून तुम्हाला कमिटीवर निवडूनही येता येत नाही.

मग काय करावे? साध्या बहुमताला १५ मते लागतात. पाणी चौथ्या मजल्यापर्यंत उतरले की ती आपोआप जमतील, पण तेवढी वाट पाहायची नसेल तर दुसरा रस्ता आहे. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा महिन्याच्या आत बोलवावी लागते. २८ मध्ये म्हणजे सहा सह्या. चार ओले हाताशी आहेतच, दोन कोरडे शोधायचे. सहाव्या मजल्यावर शोधावेत, तिथल्या कोपऱ्यांत पोपडे धरू लागलेले असतात. आणि वार्षिक सभेबद्दल सांगायचे तर ३० सप्टेंबर ही शेवटची तारीख आहे, मुहूर्त नव्हे. हिशेब तपासून तयार असतील तर ती जुलैत घ्यायला कायद्याची हरकत नाही. सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये घ्या, आणि खुर्च्या पंख्याखाली मांडा.