समान संधीची लूपलाइन

रेल्वेच्या मालवाहतुकीत समान संधी कोणाला आणि कशी द्यावी, या प्रश्नावर युरोपीय संघाने गेली तीन दशके जेवढा कागद खर्ची घातला, तो पाहून नागपूरच्या कोणाही जाणत्या माणसाला त्या खंडाची कीव यावी. 1991 च्या निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या बंधनकारक आदेशाने, रूळ सांभाळणाऱ्याचा आणि गाड्या चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा मांडायला लावला. 2007 पासून मालवाहतूक सर्व परवानाधारक कंपन्यांना खुली झाली. आणि 2012 च्या सुधारित निर्देशाने प्रत्येक देशात रेल्वेपासून स्वतंत्र असा नियामक असलाच पाहिजे, असे ठरवले. रूळ वापरण्याचे भाडे किती आणि त्याच्या अटी कोणत्या, हेही तिथे आधी छापून जाहीर करावे लागते. एवढा बंदोबस्त असूनही लिथुआनियाच्या सरकारी रेल्वेने 2008 मध्ये, एक मोठा ग्राहक शेजारच्या लाटव्हियाच्या रेल्वेकडे वळेल या धास्तीने, सरहद्दीकडे जाणारा 19 किलोमीटरचा लोहमार्गच उखडून टाकला आणि त्यापायी 2017 मध्ये युरोपीय आयोगाकडून सुमारे 2.8 कोटी युरोंचा दंड ओढवून घेतला. प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठी रूळ उखडावे लागणे, हे प्रशासकीय कौशल्य कच्चे असल्याचे लक्षण होय; भारतात तेच कार्य रूळ जागच्या जागी ठेवून आणि कोणताही दंड न भरता साधते.

भारतीय रेल्वेने 1988 मध्ये कंटेनर वाहतुकीसाठी 'कॉनकॉर' ही कंपनी स्थापन केली आणि पुढे सुमारे दीड तप या क्षेत्रात दुसऱ्या कोणाला शिरू दिले नाही. 2006 मध्ये मात्र धोरण बदलले आणि खासगी कंपन्यांना कंटेनरगाड्या चालवण्याची मुभा मिळाली. न्हावाशेवा बंदर ते दिल्ली परिसर या सर्वांत किफायतशीर मार्गासह देशभर फिरण्याचा परवाना 50 कोटी रुपयांना आणि उरलेल्या मार्गगटांचा प्रत्येकी 10 कोटींना ठेवण्यात आला. या खासगी गाडीतले खासगी काय, याचा शोध घेतला असता वाघिणी आणि कंटेनर एवढेच हाती लागते. इंजिन रेल्वेचे, चालक रेल्वेचा, गार्डही रेल्वेचाच (2022 पासून त्याला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, आणि ही सुधारणा मात्र विनाविलंब अमलात आली). आणि गाडी ओढून नेण्याबद्दलचे शुल्क, ज्याला 'हॉलेज चार्ज' म्हणतात, तेही रेल्वेच ठरवते. नागपुरात एखाद्याने सावजी भोजनालय काढावे, त्यात ताटवाट्या तेवढ्या स्वतःच्या असाव्यात, चूल, आचारी, मसाला आणि वाढण्याची वेळ शेजारच्या भोजनालयाच्या मालकाकडे असावी आणि त्या मालकाच्या चिरंजीवांनी समोरच तिसरे भोजनालय थाटलेले असावे, अशी ही मुक्त स्पर्धा आहे.

वाढायचे काय, हेही आधीच ठरलेले होते. 2006 च्या धोरणाने कोळसा, कोक, धातुके आणि खनिजे हा माल खासगी कंटेनरगाड्यांच्या कक्षेबाहेर ठेवला. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय ज्या शहरात आहे आणि कोराडी व खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे ज्याच्या वेशीवर धुराडी उभारून आहेत, तिथल्या मालवाहतूकदाराला कोळसा सोडून बाकी सर्व स्वातंत्र्य देणे, यात विदर्भाच्या अर्थव्यवस्थेचे किती सूक्ष्म ज्ञान आहे, याची दखल अभ्यासकांनी अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, आणि एकाच शहरात मध्य रेल्वेचे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे असे दोन विभाग, दोन विभागीय व्यवस्थापकांसह, गुण्यागोविंदाने नांदतात. या चौकात मालगाडीला सर्वसाधारणपणे ठरलेले वेळापत्रक नसते. प्रवासी गाड्या आधी जातात, आणि उरलेल्या फटीतून कोणाची मालगाडी पुढे काढायची, हे नियंत्रण कक्षातला सेक्शन कंट्रोलर ठरवतो. लूपलाइन, म्हणजे मुख्य मार्गालगतचा थांबण्याचा रूळ, सर्वांना सारखीच उपलब्ध आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. समतेचे तत्त्व एवढ्या काटेकोरपणे अन्यत्र क्वचितच पाळले जात असेल.

कायदा नाही, असेही कोणी म्हणू नये. रेल्वे अधिनियम, 1989 चे कलम 70 कोणत्याही व्यक्तीला किंवा मालाला गैरवाजवी झुकते माप देण्यास रेल्वे प्रशासनाला मनाई करते, आणि लगेच पुढचे कलम 71 सार्वजनिक हितासाठी विशिष्ट मालाला अग्रक्रम देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. दोन कलमे एकमेकांशेजारी ठेवणारा मसुदाकार दूरदर्शी असला पाहिजे. खासगी वाहतूकदार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले, तेव्हा रेल्वे ही स्पर्धा कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' आहे की नाही, हेच आधी ठरवावे लागले. ती आहे, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिला. तोवर शतकाहून अधिक काळ तिकिटे विकणाऱ्या संस्थेला ही वार्ता काहीशी अनपेक्षित वाटली असावी.

दरांविषयीच्या तक्रारींसाठी 1949 पासून रेल्वे दर न्यायाधिकरण चेन्नईत होते. 2017 च्या वित्त अधिनियमाने ते रेल्वे दावा न्यायाधिकरणात विलीन केले. हे दुसरे न्यायाधिकरण हरवलेल्या, मोडलेल्या मालाची आणि अपघातग्रस्तांची भरपाई पाहते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली: एक अध्यक्ष, तीन सदस्य, आणि दर व समान प्रवेश यांविषयी सरकारला शिफारस करण्याचे काम. बिबेक देबरॉय समितीने 2015 मध्ये सुचवलेला स्वतंत्र नियामक, हा या मंजुरीपर्यंत येताना सल्लागार झाला आणि पुढील कित्येक वर्षे कागदावरच राहिला. एका बाबतीत तो युरोपातल्या सर्व नियामकांच्या पुढे आहे: त्याच्यावर पक्षपाताचा आरोप अजून कोणालाही करता आलेला नाही.

दावा न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ नागपुरातही आहे, त्यामुळे इथल्या माल पाठवणाऱ्याला निदान तक्रारीचा पत्ता तरी ओळखीचा आहे. मात्र मालाचे वर्गीकरण, डेमरेज म्हणजे वाघीण ठरल्या वेळेत रिकामी न केल्याचा आकार, आणि ठोक दर हे विषय 1989 च्या अधिनियमाने दर न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेरच ठेवलेले असल्याने, तिथे जाऊन नेमके कशाविषयी बोलायचे, एवढेच त्याला आधी घरी ठरवून यावे लागते.