जवसाची चटणी, लिननचा कुर्ता

फॅशनच्या मासिकाचा मोठा गुण म्हणजे ते वाचावं लागत नाही, नुसतं चाळलं तरी पावतं. व्होगची भारतीय आवृत्ती २००७ साली निघाली. मोर्शी तालुक्यातल्या पार्लरच्या बाकावर तिचा अंक येतो तोवर त्यातली फॅशन मुंबईत मोडीत निघालेली असते. पण रिद्धपूरच्या वहिनींना ती चालते. भुवया कोरायचा नंबर येईपर्यंत त्या पॅरिस फिरून येतात.

यंदा अंकाचा उपदेश आहे : साधं जगा. मातीच्या भांड्यात रांधा, जात्यावर दळा, भिंत शेणामातीनं सारवा. वहिनींच्या सासूबाईंनी ज्यातून सुटायला देव पाण्यात ठेवले होते, तेच आता ‘स्लो लिव्हिंग’ म्हणून आर्ट पेपरवर आलं आहे. पुढच्या पानावर लिननचा कुर्ता. लिनन म्हणजे जवसाच्या काडीचा धागा. आम्ही वऱ्हाडी त्याच जवसाची चटणी करून भाकरीशी खातो, ही केवढी उधळपट्टी!

त्याखाली सेंद्रिय सुती कुर्ता, किंमत आठ-नऊ हजारांच्या घरात. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. क्विंटलातून सरकी वेगळी केली की तिसरा हिस्सा रुई उरते. तेवढीत कुर्ते पाऊणशे तरी व्हावेत. वहिनींनी हिशेब केला आणि पार्लरवालीला विचारलं, “काहून वो ताई, कुंटलभर कापूस इकला तरी हे एक कुडतं येत नाही?” ताई म्हणाल्या, “मान हालवू नका.”

मराठी बाईला अंकातून नवं जगणं दाखवायची हौस जुनीच. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ निघालं, तेही नांगर करणाऱ्यांच्या छापखान्यातून! तेव्हा तिनं शिकावं, लिहावं अशी इच्छा होती. आता तिनं सीरम लावलं तरी संपादक समाधानी असतात.

खरं तर या धंद्यात रिद्धपूर फार पुढं होतं. थोर माणूस कुठं बसला, काय जेवला, कुणाशी काय बोलला, हे तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी इथंच लिहून ठेवलं. गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्तानं महदंबेनं धवळे रचले, म्हणजे लग्न विशेषांकही झाला. आणि काळा रंग कधीच जुना होत नाही, हे महानुभावांच्या वेषाला कुणी संपादकानं शिकवलेलं नाही. चूक एवढीच की कुणी जाहिराती घेतल्या नाहीत. आता गावात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे; हा अनुशेषही भरून निघेल.

तोवर मासिकवाल्यांनी छायाचित्रकार तरी पाठवावा. दिवाळीच्या सुमारास वावरात पराटी फुटलेली असते. मॉडेलला कमरेला कापूस वेचायची ओटी बांधायला वहिनी शिकवतील. फोटो मात्र पहिल्या तासाच्या आत उरकावेत. त्यानंतर कंबर धरते, आणि तेव्हा चेहऱ्यावर जे उमटतं ते अजून कुठल्याच अंकानं फॅशन म्हणून जाहीर केलेलं नाही.