बुधवारच्या व्याख्यानाच्या अध्यक्षा

जर्सी सिटी
बुधवार, रात्री

ती. मामा,

आत्यांची तब्येत उत्तम आहे. गुडघा दुखतो, पण तो घरात. बाहेर निघायचं म्हटलं की थांबतो. ह्यांना रजा नव्हती म्हणून आज मीच दुपारची रजा टाकली आणि आत्यांना न्यूयॉर्कला व्याख्यानाला घेऊन गेले. पुढचं काही तुमच्या कानावर आलं असेलच, कारण व्हिडिओ कॉलवर त्यांचं निम्म्या मंद्रूप गावाला सांगून झालंय. खरं काय घडलं ते मी लिहिते.

पाथ गाडीने ३३व्या रस्त्यावर उतरून ४२व्यापर्यंत चालत गेलो. तिथे मोठ्या ग्रंथालयाच्या पाठीमागे ब्रायंट पार्क आहे. उन्हाळ्यात बुधवारी साडेबाराला तिथे एखादा लेखक येऊन आपल्या पुस्तकाबद्दल बोलतो. तिकीट नाही, नाव नोंदवणं नाही. आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन येतात आणि खात खात ऐकतात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, पण इतक्या वर्षांत श्रोत्यांनी व्याख्यान चालू असताना जेवावं हे तिथे कुणाला सुचलेलं नाही. आत्या म्हणाल्या, "वक्ता उपाशी आणि ऐकणारे जेवतायत? ही कुठली रीत!"

वेळ होता म्हणून आधी हिरवळीवर टेकलो. माझीच जीभ वळवळली आणि मी सांगितलं, की या गवताखाली ग्रंथालयाचं दुमजली तळघर आहे आणि त्यात लाखो पुस्तकं ठेवलीत. झालं. आत्यांनी पटकन चपला काढल्या, गवताला हात लावून तो कपाळाला लावला आणि मला म्हणाल्या, "सरस्वतीवर पाय देऊन बसवतीस व्हय गं मला?" मामा, तिथून त्या अनवाणी फरशीपर्यंत गेल्या, आणि मीही. आमचं बघून एका गोऱ्या बाईनेही बूट काढले. तिला काय वाटलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

व्याख्यान होतं ती जागा झाडांखाली आहे. १९३५ साली मंदीत बेकार झालेल्या माणसांसाठी ग्रंथालयाने इथे उघड्यावर पुस्तकं मांडली होती. ना कार्ड लागायचं, ना पत्ता. महायुद्धाच्या काळात ते बंद पडलं आणि २००३ साली पुन्हा सुरू झालं. आत्यांना ते फारसं पटलं नाही. बेकाराला आधी भाकरी, मग पुस्तक, असं त्यांचं मत.

खुर्च्यांचं मात्र त्यांना फार कौतुक वाटलं. हिरव्या, हलक्या, कशालाही न बांधलेल्या. आपल्या एसटी स्टँडवरच्या बाकांसारखं सिमेंटमध्ये पाय रोवून वर 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं नाही. विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या चौकांत लोक कसे बसतात याचं कितीतरी चित्रण केलं आणि १९८०मध्ये पुस्तक लिहिलं. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती उगाच थोडी सरकवतो, असं त्यांना दिसलं. १९९२ साली बाग नव्याने उघडली ती त्यांचं ऐकून सुट्या खुर्च्या ठेवूनच. आत्यांनी खुर्ची सरकवली ती मात्र उगाच नव्हे. सावली शोधत शोधत ती त्यांनी थेट माइकच्या शेजारी नेली आणि लोकांकडे तोंड करून बसल्या! "पाहुण्याला पाठ कशी दाखवायची?" झालं, नऊवारी नेसलेली बाई वक्त्याच्या उजव्या हाताला बसलेली बघून लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. दोघांतिघांनी तर येऊन त्यांना नमस्कार केला.

"अध्यक्ष कोण हायेत?" आत्यांनी विचारलं. म्हटलं, कुणी नाही. हार नाही, दिवा नाही, पाहुण्यांचा परिचयसुद्धा दोन वाक्यांत. "मग वेळ झाली म्हणून चिठ्ठी कोण देणार?" म्हटलं, घड्याळ. लोकांची सुट्टी संपली की ते उठून जातात. यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मला वाटतं, आपल्या गावातल्या काही वक्त्यांचा विचार करत असाव्यात.

पुस्तक होतं न्यूयॉर्कच्या पाण्यावर. आता ग्रंथालय आहे तिथे पूर्वी एक प्रचंड हौद होता, पन्नास फूट उंच भिंतींचा. १८४२मध्ये क्रोटन नदीचं पाणी साठ-पासष्ट किलोमीटरवरून त्यात आणलं, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. संध्याकाळी लोक त्या भिंतींवर फिरायला जायचे. आजही बहुतेक पाणी उतारानेच येतं, आणि आता तर दोनशे किलोमीटरवरून. मी कानात सगळं सांगत होते. आत्या म्हणाल्या, "म्हंजे लाइट गेली तरी पाणी चालू?" मग समाधानाने त्यांनी पदराखालून फडकं काढलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मामा, ती भाकरी मोडल्याचा आवाज माइकमधून सबंध बागेत गेला. वक्ते थांबले. आत्यांनी अर्धी त्यांना दिली. त्यांनी चटणी लावून खाल्ली आणि पुढची काही मिनिटं ते बोललेच नाहीत, नुसतं पाणी पीत होते. विषयाला धरूनच होतं म्हणा.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा माइक आधी आत्यांकडेच आला. अध्यक्षच ना! आत्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "पाणी किती दिवसांआड येतं?"

मी भाषांतर केलं. वक्त्यांना कळेना. पुन्हा केलं. ते म्हणाले, रोज येतं, दिवसभर. आत्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मग ह्याच्यावर पुस्तक कशाला लिहायचं?"

हे भाषांतर करावं की नाही असा मला प्रश्न पडला. पण केलं. लोक इतके हसले की पलीकडच्या बाकावर झोपलेला माणूस उठून बसला. मग वक्त्यांनीच आत्यांना विचारलं, तुमच्याकडे कसं? आणि त्या सांगू लागल्या. उजनीचं धरण, शंभरावर किलोमीटरची पाइपलाइन, आपल्या टाकळीला भीमेतून उपसून सोरेगावला नेलेलं पाणी, आणि एवढं सगळं करून सोलापुरातल्या बहिणीच्या नळाला चार-चार दिवसांनी, तेही रात्री दोनला. बहीण कशी जागते, कुठली भांडी आधी भरते, पिण्याचं कुठे, वापरायचं कुठे. लोकांची सुट्टी संपली होती, पण एकही माणूस उठला नाही. वक्ते वहीत लिहून घेत होते. मी आयुष्यात एवढं भाषांतर केलेलं नाही.

आभारही आत्यांनीच मानले. वक्त्यांचे, माइकवाल्याचे, झाडांचे आणि माझे.

आता मुद्द्याचं. पुढच्या बुधवारीही जायचं ठरलंय. बूट काढलेली ती बाई चटणीची कृती मागत होती. तेव्हा पुढच्या महिन्यात कुणी येणार असेल त्याच्याबरोबर शेंगाचटणी जास्त पाठवा, आणि तिखट जरा कमी. आत्यांना हे कमी तिखटाचं कळू देऊ नका.

आपली सून