शून्य नंबरचा पत्ता

अक्षय्यतृतीयेला पुण्याची पुतणी मोताळ्याला आली, ती पर्समध्ये आमचं सगळ्यांचं नशीब घेऊनच. टॅरोचे ७८ पत्ते. त्यातले ५६ आपल्या रमीच्या पत्त्यांचे चुलतभाऊ. उरलेले २२ मोठे, त्यांचे नंबर शून्यापासून २१पर्यंत. मुळात इटलीत हा नुसता डाव होता. भविष्य त्याच्या मागे लागलं ते अठराव्या शतकात. पुतणीकडची चित्रं पामेला कोलमन स्मिथबाईंची, १९०९ सालची, लंडनची.

"काका, मनात एक प्रश्न धरा."

या दिवसांत मोताळ्याच्या माणसाजवळ एकच प्रश्न असतो, पावसाचा. तो धरला.

आई चष्मा पुसून पुढे सरकली. पहिलाच पत्ता नशिबाच्या चाकाचा निघाला. चाकावर हिब्रू अक्षरं, माथ्यावर इजिप्तचा स्फिंक्स, चार कोपऱ्यांत बायबलातले चार पंखवाले. पुतणी समजावून सांगू लागली, पण आईला समजलंच होतं.

"हा गरुड विष्णूचा, हा नंदी महादेवाचा, हा सिंह देवीचा. अन् चौघाईपुढं पोथ्या उघड्या! पारायण चालू हाय वं पोरी."

खरंच, चौघंही वाचत बसले होते. इतकी वर्षं पत्ते पिसून पुतणीच्या ते लक्षात आलं नव्हतं.

आईचं नवल वाटायला नको. होळीला सैलानीबाबांच्या दर्ग्यापाशी नारळांची होळी पेटते, तिथे नारळ नेणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. अन् पुतणी आली त्याच अक्षय्यतृतीयेला तिकडे भेंडवळला १८ धान्यांची घटमांडणी चालली होती. घागरीवरच्या पापड-कुरडईचं रात्रीतून काय झालं, यावरून पहाटे पाऊसपाणी सांगतात. विड्याचं पान हललं का, यावरून राजाचं. पत्त्यांचं कौतुक आम्हाला किती असणार?

दुसरा पत्ता: एका पायावर उलटा टांगलेला माणूस. डोक्यामागे तेज, चेहरा शांत.

"घरात कापूस भरून भावाची वाट पाहून राह्यला," आईने निकाल दिला.

तिसरा पत्ता खास माझा. खांद्यावर गाठोडं, पायाशी कुत्रं, नजर आभाळात आणि पुढचं पाऊल थेट कड्यावर. खाली नाव: मूर्ख. नंबर शून्य. पुतणी घाईघाईने म्हणाली, "वाईट नाही हं काका, म्हणजे नवी सुरुवात."

आई बोटं मोजत होती. "गजानन विजयचे अध्याय २१. तुह्ये पत्ते बी २१ वर सरतात. मंग हा शून्यवाला जास्तीचा कोण?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी दारातून आभाळाकडे पाहत होतो.