बोटांचे दरपत्रक

कामगारांना नुकसानभरपाई देणारा 1923 चा कायदा शासकीय अंकगणिताचा आदर्श मानावा लागतो, कारण त्याच्या पहिल्या अनुसूचीने, म्हणजे कायद्याला जोडलेल्या इजांच्या तक्त्याने, मानवी हाताची किंमत कमाईच्या क्षमतेत होणाऱ्या घटीच्या टक्क्यांत ठरवून टाकली आणि भावनेला वावच ठेवला नाही. पूर्ण तर्जनी गेल्यास 14 टक्के, मधले बोट 12, अनामिका वा करंगळी प्रत्येकी 7; मात्र एका हाताची कोणतीही दोन बोटे एकदम गेली तर 20, म्हणजे तर्जनी व मधले बोट एकाच ठोक्यात दिल्यास सुट्या हिशेबाच्या 26 टक्क्यांवर घाऊक सवलत, तर चारही बोटे गेल्यास 50. शिवाय 2020 मध्ये हिशेबात महिना 15,000 रुपयांहून अधिक वेतन न धरण्याचे ठरल्याने कुशल कामगाराच्या बोटांना गर्व होण्याची भीतीही उरली नाही.

उणीव एकच, की भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राला, हा तक्ता वाचता येत नाही. म्हणून यंत्राला सुरक्षा-जाळी बसवण्याचा खर्च टाळून प्रत्येक यंत्रापाशी दरपत्रक टांगावे आणि डाय, म्हणजे यंत्राचा साचा, खाली येत असताना कोणते बोट पुढे करणे किफायतशीर, याचे प्रशिक्षण कामगारास द्यावे. डावा अंगठा मात्र, त्याला 30 टक्के मिळत असले तरी, कोणत्याही परिस्थितीत वाचवावा. भरपाई मिळाल्याच्या पावतीवर तोच उठवावा लागतो.