डाळिंबाच्या रसातला आखाड

2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला. ज्यांचा माल त्या महिन्यात निघाला, त्यांचं भलं झालं. ज्यांच्या वावरात टोमॅटो नव्हता, ते आमच्यासारखे गिऱ्हाईक झाले. टोमॅटोच्या तालुक्यात राहून टोमॅटो विकत घ्यायचा, तोही किलोला शंभराच्या वर मोजून, हे पिंपरी पेंढारच्या माणसाच्या गळी उतरत नाही. त्यात आखाड संपत आलेला.

त्या वर्षी श्रावण दोन होते. 18 जुलैला अधिक लागणार आणि 17 ऑगस्टला निज. पाळायचा कोणता, यावर गावात मतं पडली. कुणी दोन्ही पाळणार होतं, कुणी फक्त निज. श्रावणाआधी कोंबडी खायची, यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. अमावस्या सोमवारची, म्हणून रविवारीच पातेली चढली.

आमच्या घरी रश्शाला थोडा आंबटपणा लागतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या मते ही सवय मी माहेरून आणली. असेल. टोमॅटो नाही तर लिंबू, एवढं साधं होतं. पण लिंबाचं झाड उसाच्या कडेला, आणि दिवस मावळल्यावर आमच्याकडे उसाच्या कडेला कुणी जात नाही. बिबट्या आमच्या भागात बातमीपुरता राहिलेला नाही, त्याच्या वेळा सांभाळून आम्ही आमच्या वेळा लावतो. चिंच होती, पण “चिंच घातली की ती आमटी” असा आत्याबाईंचा निकाल. दही सकाळीच कढीत गेलेलं.

राहिली डाळिंबं. आळ्याच्या नणंदेनं पिशवीभर धाडलेली. बागायतदाराच्या घरात खायला येतात ती डाळिंबं बाजारात न चालणारी असतात: काही तडकलेली, काहींवर तेल्या रोगाचे डाग. चांगला माल पेटीत बसून पुढं जातो आणि मालकाची पोरं डागाळलेलं सोलून खातात.

डाळिंब आणि मांस हे जमतं, याची मला ऐकीव माहिती होती. इराणात फेसेंजान नावाचा प्रकार करतात: डाळिंबाचा आटवलेला रस, अक्रोडाचा कूट आणि त्यात बदक किंवा कोंबडी. अक्रोड आमच्या घरात फक्त दिवाळीच्या भेटीच्या डब्यातून येतात. पण कूट म्हटला की मराठी घराला विचार करावा लागत नाही. शेंगदाण्याचा डबा काढला.

डाळिंबाचे दाणे मिक्सरमधून फार फिरवायचे नाहीत, नाहीतर बिया भरडल्या जाऊन रस कडवट होतो. एकदाच घुर्रकन फिरवले आणि फडक्यातून पिळले. हळद, मीठ, आलं-लसूण लावून कोंबडी शिजत होती, त्यातलं आळणी मुलांसाठी वाटीत काढलं. मग कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, काळा मसाला, कूट, आणि तेल सुटल्यावर डाळिंबाचा रस. ओतला तेव्हा लालभडक होता. उकळी फुटली तसा विटकरी झाला, मग मसाल्यात मिसळून काळपट. कुणी विचारलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

आत्याबाईंनी मात्र विचारलं. पिळलेलं फडकं त्यांना दिसलं होतं. “कोंबडी हाये का पोरांचं सरबत?”

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. आमच्याकडचं डाळिंब भगवा जातीचं. ते गोडीसाठी लावतात, त्यात आंबटपणा बेताचाच. रस्सा पहिल्या चमच्याला गोडसर लागला. तडकलेल्यातली दोन-चार कच्चट फळं शोधून त्यांचा रस घातला, वर तिखट वाढवलं, तेव्हा चव जागेवर आली.

ताटावर बसल्यावर मी पुराव्याला लागले. सुश्रुतसंहितेत डाळिंब घातलेला मांसरस सांगितला आहे, असं म्हटलं. तो वृष्य असतो, असं तिथं पुढं म्हटलंय. तेवढं मी गाळलं. ताटावर सासरे होते. मग टोमॅटोकडे वळले. तोही मुळात फळच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1893 मध्ये त्याला भाजी ठरवलं ते आयातकरासाठी, कारण तिथं कर भाजीवर होता, फळावर नव्हता. म्हणजे टोमॅटोचा रस्सा खाणारे आपण सगळे आधीपासून फळांच्या रसातली कोंबडीच खातोय. सासरे म्हणाले, “कोर्टाचं ऱ्हाऊ दे, भाकरी वाढ.” आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण भाकरी चुरून दुसऱ्यांदा रस्सा घेतला. आमच्या घरात कौतुक एवढंच होतं.

पुढं सप्टेंबरात टोमॅटोचा भाव कोसळला. जुलैत जो सोन्यासारखा जपला, तो तोडणीच्या मजुरीलाही महाग झाला. तेव्हा डाळिंबाची कोंबडी करून बघायची असेल तर जरूर करा: भगवा असेल तर तिखट वाढवा, रस तेल सुटल्यावर घाला, गुळाला हात लावू नका. पण टोमॅटो पडेल भावानं जात असतील, तर डाळिंब राहू द्या आणि नारायणगावहून एक क्रेट उचला. पैसे देताना घासाघीस करू नका.