साईट सीईंग

आमच्या शहापूर-मुरबाडकडं मार्च लागला की दोन गोष्टी घडतात. विहिरी तळ दाखवू लागतात आणि सिमेंटवाला शेठ गोड बोलू लागतो. एरवी उधारीची वही उघडून बसणारा हा माणूस रस्त्यात मोटारसायकल थांबवून विचारतो, "काय गुरुजी, ओटा कधी बांधताय?" आपण ओटा बांधणार आहोत हे आपल्याला तेव्हाच कळतं. ३१ मार्चला कंपनीचं वर्ष संपतं. त्याआत टारगेट भरलं तर शेठला बँकॉकचा दौरा, नाही भरलं तर भिंतीवरचं घड्याळ.

असा एक शेठ आसनगाव स्टेशनवरून शहापूरला जाताना लागतो, एक किन्हवलीत, एक सरळगावच्या नाक्यावर, एक म्हशात. दुकानापुढं सळईचा ढीग, गल्ल्यामागं गणपती, गणपतीशेजारी कंपनीची ढाल आणि ढालीच्या बाजूला फोटो: मागं आडवा झालेला सोनेरी बुद्ध, पुढं उभे शेठ. बुद्धाच्या चेहऱ्यावर शांती आहे. शेठच्या चेहऱ्यावर नाही, कारण नव्या चपला देवळाबाहेर काढून ठेवल्यात.

दौऱ्याची सुरुवात पासपोर्टपासून होते. चौकशीला पोलीस दारात आला की आळीला वाटतं, शेठचं काहीतरी बाहेर आलं. मग पेढे वाटून खुलासा करावा लागतो.

कागदावर या दौऱ्याचं नाव 'डीलर मीट'. पाच दिवसांत मीट दीड तासाची. थंडगार हॉलमध्ये साहेब पडद्यावर सिमेंटची ताकद दाखवतात आणि डीलर मंडळी घोरून दाद देतात. बाकी सगळा वेळ साईट सीईंग. आता शेठच्या धंद्यात साईट म्हणजे जिथं स्लॅब पडतो ती जागा. त्यामुळं बँकॉकमध्येही ते साईटच बघतात. वाट फोच्या देवळातली निजलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. इतर लोक हात जोडतात. शेठ गाईडला विचारतात, "आत काय आहे?" आत वीटकाम, वर प्लास्टर, त्यावर सोन्याचा वर्ख, असं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो. "म्हणजे आपल्याच लाईनचं काम आहे!"

नदीकाठचं वाट अरुण बघून तर ते हरखलेच. त्याच्या शिखरावर चिनी भांड्यांचे तुकडे बसवलेत. "अहो गुरुजी, हे तर आपलं चायना मोझेक! आपण गच्ची गळू नये म्हणून लावतो, यांनी थेट कळसाला लावलंय." त्या वर्षी दुकानातल्या फुटक्या टाईल्सचा ढीग 'बँकॉक पॅटर्न' म्हणून दोन फार्महाऊसच्या कंपाउंडला लागला. दौऱ्याचा धंद्याला उपयोग होत नाही, असं कोणी म्हणू नये.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आत समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा. शहरातल्या चौकात ब्रह्मदेवाचं देऊळ, तिथं हारांचा ढीग. शेठचा निष्कर्ष असा, की आपल्या देवांनी इकडची डीलरशिप फार आधीच घेतलीय आणि ब्रह्मदेवाचा माल आपल्याकडं उठत नाही तो इकडं हातोहात जातो.

बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढं दीड तास. शेठनं मात्र मनगटावर मुरबाडचीच वेळ ठेवली, कारण गडी शटर किती वाजता उघडतो हे कळायला हवं. बुद्धाच्या पायाशी उभं राहून त्यांनी दुकानात व्हिडिओ कॉल लावला. "खडी उतरवून घे. कच जास्त असंल तर गाडी परत पाठव. आणि हा बघ बुद्ध." तिकडून गडी म्हणाला, "शेठ, अंगठा काढा कॅमेऱ्यावरचा."

पैशाचा हिशेब ते बाटमध्येही करत नाहीत आणि रुपयांतही. तीन शहाळी म्हणजे एक गोणी. बाजारात सुक्या जवळ्याचे ढीग दिसले, वास नाकात गेला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा शेठना घरी आल्यासारखं वाटलं. डोक्यावरून जाणारी रेल्वे बघून मात्र ते गप्प झाले. मुरबाडला अजून जमिनीवरची आली नाही. सोबतचा शहापूरचा डीलर नदीच्या बोटीत बसून वेगळ्याच विचारात होता. भातसाचं नि तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात त्याच्या गावाला टँकर येतो. नदी ज्यांच्या दारातून वाहते त्यांनाच तिचं पाणी मिळतं, हे बघून त्याला आपण खरंच परदेशात आलोय याची खात्री पटली.

मधल्या दोन रात्री पट्टायात गेल्या. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की शेठ तातडीनं बुद्धावर बोलू लागतात. आम्ही हा प्रश्न शेठीणबाई चहा घेऊन आल्या की मुद्दाम काढतो. बुद्धाच्या तळपायांवर १०८ शुभचिन्हं आहेत आणि मूर्तीमागं नाणी टाकायला १०८ कटोरे आहेत, ही माहिती मला याच मार्गानं मिळाली.

परत येताना हिरव्या बामच्या बाटल्यांनी बॅग भरते. गावातल्या प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला एक. पुढचे अकरा महिने शेठचं प्रत्येक वाक्य 'आम्ही बँकॉकला होतो तेव्हा' असं सुरू होतं. ग्रामपंचायतीच्या गटाराची चर्चाही त्याला अपवाद नाही.

मी स्वतः बँकॉक पाहिलेलं नाही. तरी त्या दौऱ्यात माझा हिस्सा आहे. माझ्या ओट्याला वीस गोण्या पुरल्या असत्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेठनं पस्तीस टाकल्या. "राहू द्या गुरुजी, लागतातच." जूनमध्ये पाऊस आला, पडवीत ओल शिरली आणि उरलेल्या पंधरा गोण्यांचा दगड झाला. आता संध्याकाळी आळीतली पोरं त्यांवर बसतात. शेठ आले की त्यांनाही मी तिथंच बसवतो, आणि तिथंच बसून ते बुद्धाची लांबी सांगतात.

यंदाची स्कीम दुबईची आहे म्हणे. ज्यांचं कंपाउंड, संडास किंवा गुरांचा गोठा बाकी आहे त्यांनी मार्चमध्ये नाक्यावरून जाऊ नये, शेतातल्या वाटेनं जावं.